हुरूप, नेम आणि खाडा : नियमित व्यायामाची मराठी परिभाषा

व्यायामाचे महत्त्व ठाऊक नाही असा सुशिक्षित मनुष्य आज विरळाच आढळेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम करावा. हे प्रमाण अवघड नाही. तरीही संकल्प करणारे पुष्कळ आणि तो तडीस नेणारे थोडे, असा अनुभव येतो. तेव्हा उणीव ज्ञानाची नसून प्रवृत्तीची आहे, हे उघड आहे. ही प्रवृत्ती कोठून येते, या प्रश्नाचा विचार बहुधा मानसशास्त्र करते. परंतु मराठी भाषेच्या नित्याच्या प्रयोगांतही त्यासंबंधी एक सूक्ष्म विवेक साठविलेला आहे.

प्रथम शब्द पाहू गेल्यास, ‘व्यायाम’ हा संस्कृत शब्द वि आणि आ या उपसर्गांसह ‘यम्’ धातूपासून सिद्ध झाला असून ताणणे, विस्तारणे हा त्याचा मूळ भाव होय. ‘तालीम’ अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ शिक्षण. ‘कसरत’ही अरबीच, विपुलता हा त्याचा मूळ अर्थ, आणि त्यातूनच वारंवार करण्याचा, सरावाचा अर्थ निष्पन्न झाला. ताण, शिक्षण आणि आवृत्ती अशा तीन कल्पना या शब्दांच्या मुळाशी आहेत. उत्साहाची कल्पना एकाच्याही मुळाशी नाही.

उत्साहासाठी मराठीची वाक्यरचनाच निराळी आहे. ‘त्याला हुरूप येतो’, ‘त्याला कंटाळा येतो’, ‘त्याला उत्साह वाटतो’ या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीच्या रूपात असते. हुरूप हा येणारा, व्यक्ती ही केवळ त्याचे ठिकाण. ‘पहाटे त्याला उठवत नाही’ या शक्य क्रियापदाच्या प्रयोगातही कर्तृत्व असेच मंदावलेले दिसते. याउलट ‘तो नमस्कार घालतो’, ‘तो जोर काढतो’, ‘तो बैठका मारतो’ या वाक्यांत तोच मनुष्य प्रथमेत येऊन सरळ कर्ता होतो. अशी रचना अन्य भारतीय भाषांतही आढळते. तिच्यावरून मराठी माणसाच्या स्वभावाविषयी अनुमान काढणे युक्त होणार नाही. परंतु भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. जे येते त्याची वाट पाहावी लागते. जे करावयाचे ते वाट न पाहता करता येते. हुरूप आल्यावर व्यायामास आरंभ करू, असे म्हणणारा मनुष्य स्वतःच्या क्रियेचे कर्तेपण पाहुण्याच्या स्वाधीन करीत असतो.

हुरूपाच्या जागी परंपरेने ‘नेम’ ठेवला. ‘नियम’ या शब्दाचेच हे रूप. नेम करावयाचा, पाळावयाचा, चालवावयाचा असतो. तो आपोआप येत नाही. शिवाय नेमाचा विषय मोजता येतो. आरोग्य मोजून घालता येत नाही; बारा नमस्कार, पन्नास जोर, शंभर बैठका मात्र मोजता येतात. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्यातही ठरावीक क्रमाची आणि गणतीची कृती हाताशी होती. कोठे थांबावयाचे हे ठाऊक असले म्हणजे आरंभाचे ओझे कमी होते.

नेमाला वेळेचा आधार लागतो. ‘उद्यापासून व्यायाम करायचा’ या वाक्यात काल आहे, पण प्रसंग नाही. आणि प्रत्येक उद्याला आणखी एक उद्या असतो. ‘दात घासून झाले की बारा नमस्कार घालायचे’ या वाक्यातील ‘की’ ने मात्र नवी क्रिया जुन्या, न चुकणाऱ्या क्रियेला जोडली जाते. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलेल्या विवेचनाचे सार हेच आहे : नुसत्या उद्दिष्टापेक्षा ‘अमुक प्रसंग आला की अमुक करीन’ अशा स्वरूपाचा संकल्प सिद्धीस जाण्याचा संभव अधिक.

नेम काही काळ चालला म्हणजे सवय ‘लागते’. येथे वाक्य पुन्हा चतुर्थीकडे वळते. पूर्वी जे करावे लागत होते ते आता लागलेले असते. याला किती दिवस लागतात? लंडन येथे फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांची सवय जडण्याची गती नीट मोजता आली, त्यांच्या बाबतीत मध्यक ६६ दिवसांचा निघाला. पण व्यक्तिपरत्वे तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, आणि त्यातील दीर्घ मुदती गणिताने अनुमानिलेल्या होत्या. म्हणून ६६ हा आकडा नियम मानता येत नाही. एकवीस दिवसांत सवय जडते हा लोकप्रिय समज तर याहूनही दुबळा ठरतो.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा व्यत्यय आला नाही. विल्यम जेम्स यांनी १८९० साली, नवी सवय दृढ होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असा कडक उपदेश केला होता. त्याला ही दुरुस्ती म्हणावयास हरकत नाही. मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन शब्दप्रयोग आहेत. ‘नेम मोडला’ म्हटले की प्रकरण संपले. ‘खाडा पडला’ म्हटले की हजेरीपटावरील एक चौकट तेवढी रिकामी राहिली. पट पुढे चालूच असतो. पुष्कळांचा व्यायाम सुटतो तो पहिल्या खाड्यामुळे नव्हे, तर त्या खाड्याला मोड समजल्यामुळे. त्यातच ‘आज आळस आला’ या वाक्याचे ‘तो आळशी आहे’ असे रूपांतर झाले, की एका दिवसाची अवस्था जन्माचे विशेषण होऊन बसते.

खाडे कमी पडावेत यासाठी मात्रा बेताची हवी. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. चरकाने अहितकर सवयी सोडणे व हितकर सवयी जोडणे या दोन्ही गोष्टी चतुर्थांशाच्या क्रमाने करावयास सांगितल्या आहेत. पहिल्याच दिवशी सर्व बळ खर्च करणारा मनुष्य दुसऱ्या दिवसाचा खाडा आदल्या दिवशीच ओढवून घेतो.

मग हुरूपाला स्थान नाही काय? आहे, पण ते पुढचे आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार स्वेच्छा, जमू लागल्याची जाणीव आणि इतरांशी असलेला जिव्हाळा यांवर टिकाऊ प्रेरणा पोसते. तालमीतील सोबत्यांनी आणि वस्तादाच्या नजरेने हेच साधले जात असे. अशा रीतीने व्यायामाची ‘गोडी लागते’, आणि हुरूप अखेर येतो. नेमाला त्याची वाट पाहावी लागत नाही, एवढेच.