पोरक्या पिलांचे घर

सातपुड्याच्या ज्या भागात अनेक घाट एकत्र मिळतात, त्या प्रदेशास मेळघाट असे नाव पडले आहे. वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर पसरलेले हे साग-बांबूंचे अरण्य अमरावती-अकोल्याकडील मुलांच्या चांगल्या परिचयाचे आहे. भारत सरकारने १९७३ साली व्याघ्रप्रकल्प हाती घेतला, तेव्हा आरंभी निवडलेल्या नऊ अरण्यांत मेळघाटाचा समावेश झाला. वाघ वाचवावयाचा असेल, तर त्याचे रान आधी वाचवले पाहिजे, हा त्यामागील विचार होय. त्याच वर्षी विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एका कार्यास प्रारंभ झाला. ते कार्य माणसांसाठी होते. परंतु त्यातूनच पुढे आईवेगळ्या झालेल्या रानपिलांना एक घर मिळाले.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड येथे पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती ह्या तीन नद्यांचा संगम आहे. त्यापासून जवळच हेमलकसा हे लहानसे गाव आहे. वरोड्याजवळ आनंदवन वसवून कुष्ठरोग्यांना मानाने जगण्याचा मार्ग दाखवणारे बाबा आमटे ह्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली. हा भाग त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. बाबांचे धाकटे पुत्र डॉ. प्रकाश आमटे व त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे हे दोघे शहरातील सुखाच्या जीवनाकडे पाठ फिरवून येथे राहावयास आले. वीज नव्हती, धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला की, बाहेरच्या जगाशी संबंधच तुटत असे.

ह्या अरण्यात माडिया गोंड लोकांची वस्ती आहे. थोडीशी शेती, रानातील कंदमुळे व फळे, नदीतील मासे आणि शिकार ह्यांवर त्यांचा निर्वाह चाले. शिकार हा त्यांचा करमणुकीचा खेळ नव्हता. पेज शिजवण्यापुरतेही धान्य घरात नसे, तेव्हा उंदीर, खार, माकड, जे हाती लागेल, त्यावर कुटुंबाची भूक भागवावी लागे. अन्नासाठी मारणे त्यांच्या दृष्टीने तितकेच स्वाभाविक होते, जितके शेतकऱ्याला पीक कापणे.

एके दिवशी डॉक्टर पतिपत्नी अरण्यातून जात असता त्यांना काही माडिया शिकारी भेटले. त्यांच्या खांद्यावरील काठीला मारलेली माकडीण बांधलेली होती. तिच्या उराशी एक जिवंत पिलू घट्ट बिलगले होते आणि मेलेल्या आईचे दूध पिण्यासाठी धडपडत होते. ह्या पिलाचे काय करणार, असे डॉक्टरांनी विचारले. तेही खाणार, असे सरळ उत्तर मिळाले. त्या प्रसंगी शिकाऱ्यांना दोष देणे सोपे होते. परंतु ज्याचे पोट भरलेले आहे, त्याने उपाशी माणसाला दयेचा उपदेश करण्यात काय अर्थ? डॉक्टरांनी त्या पिलाच्या बदल्यात तांदूळ देऊ केले. शिकाऱ्यांना अन्न मिळाले, पिलाला जीवदान मिळाले. त्या पिलाचे नाव बबली असे ठेवण्यात आले.

ही वार्ता हळूहळू पाड्यापाड्यांतून पसरली. शिकारीत आई मारली गेली आणि पिलू जिवंत सापडले, तर ते हेमलकशास नेऊन द्यावे, तेथे त्याच्या मोबदल्यात धान्य मिळते, असे लोकांना कळून चुकले. कोणी अस्वलाचे पिलू आणले, कोणी बिबट्याचा बछडा, कोणी हरणाचे पाडस. कोल्हे, तरस, साळिंदर, मगरी व साप ह्यांचीही त्यांत भर पडली. माणसांसाठी काढलेल्या दवाखान्याच्या शेजारी अशा रीतीने प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. नेगल नावाचा बिबट्या तर इतका प्रसिद्ध झाला की, प्रकल्पातील कार्यकर्ते विलास मनोहर ह्यांनी आपल्या पुस्तकाला त्याचेच नाव दिले.

ही पिले मोठी झाल्यावर त्यांना अरण्यात का सोडून दिले नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. बिबट्याचा बछडा शिकार करण्याची विद्या आपल्या आईपासून शिकतो. दबा केव्हा धरावा, झेप कोठून घ्यावी, माणसाची चाहूल लागताच दूर कसे व्हावे, हे सर्व तिच्या मागे हिंडूनच त्याला समजते. बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बछड्याला हे शिक्षण मिळत नाही. त्याला माणसाचे भय वाटत नाही. तो रानात उपाशी मरेल, किंवा अन्नाच्या आशेने गावात शिरेल व तेथे त्याचे आणि गावकऱ्यांचे दोघांचेही प्राण धोक्यात येतील. म्हणून अशा प्राण्यांना जन्मभर सांभाळणे भाग पडते.

परंतु वन्य प्राणी पाळण्याची मोकळीक कोणालाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास बंदी घातली आहे आणि ते योग्यच आहे. नाहीतर हौसेपायी कित्येक पिले आईपासून तोडली गेली असती. हेमलकशाच्या अनाथालयाला पुढे शासनाची मान्यता मिळाली. तेथील प्राण्यांच्या निवासाला व देखभालीला आता शासनाचे नियम लागू आहेत.

असा प्रयत्न दूरच्या देशातही झाला होता आणि तोही एका डॉक्टरच्याच हातून. अमेरिकेच्या पश्चिम भागातील विस्तीर्ण मैदानांत पूर्वी लांडग्यांचे कळप वावरत असत. गुरे मारतात म्हणून तेथील सरकारने त्यांचा नाश आरंभला. तेव्हा पेनसिल्व्हेनिया राज्यातील केन ह्या गावच्या डॉ. मॅक्लिअरी ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात त्या मैदानांतील काही लांडगे मिळवून आपल्याजवळ सांभाळले. पुढे त्यांनी हमरस्त्याच्या कडेला लांडग्यांचे एक उद्यान थाटले. येणारेजाणारे प्रवासी तेथे थांबत व तारेच्या कुंपणापलीकडील लांडगे पाहत. ज्या जनावराचा सर्वांनी तिरस्कार केला, त्यालाही जगण्याचा अधिकार आहे, असे मानणारा एक तरी मनुष्य त्या काळी निघाला, हे थोडे नव्हे.

तरीही कुंपणातील लांडग्यांमुळे ती मैदाने पुन्हा लांडग्यांनी गजबजली नाहीत. त्याच देशातील यलोस्टोन ह्या राष्ट्रीय उद्यानातून लांडगा नामशेष झाला होता. १९९५ साली तो तेथे पुन्हा आणावयाचे ठरले, तेव्हा कॅनडाच्या अरण्यात स्वतंत्र वाढलेले १४ लांडगे आणावे लागले. शिकार करणे, कळपाने राहणे व माणसापासून दूर असणे ही रानातली विद्या त्यांनी टिकवून ठेवली होती, कारण त्यांचे रान टिकून होते.

ह्या दोन्ही डॉक्टरांनी जे केले, ते डॉक्टरला साजेसेच होते. दारात रोगी आला, तर त्याला आधी वाचवावयाचे असते. परंतु नुसत्या औषधांनी गाव निरोगी होत नाही. त्यासाठी गावाला शुद्ध पाणी व पोटभर अन्न मिळावे लागते. हेमलकशास हे ओळखले गेले होते. तेथे १९७६ साली आदिवासी मुलांसाठी शाळा सुरू झाली आणि लोकांना भाजीपाला पिकवण्यास उत्तेजन देण्यात आले. ज्या घरात धान्य असते, त्या घरातील मनुष्याला माकडामागे धावावे लागत नाही.

मेळघाटासारखी अरण्ये राखली गेली आणि त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या माणसांची चूल रोज पेटती राहिली, तर अनाथ पिलांची संख्या आपोआप कमी होईल. त्या दिवशी मेलेल्या आईला बिलगलेले ते लहानसे माकड एका मूठभर तांदळाने वाचले. हे तांदूळ त्या शिकाऱ्यांच्या घरी आदल्या दिवशीच असते, तर त्याची आईही वाचली असती.