ईदच्या केकवरची साखरेची लेस

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस सुरू झाले की मुस्लिम घरांतल्या स्वयंपाकघराचे वेळापत्रक बदलते. इफ्तार आणि तरावीह आटोपल्यावर रात्री उशिरापर्यंत शेवया भाजल्या जातात, खारका भिजत पडतात, बदाम-पिस्ते सोलले जातात. ईदच्या दस्तरखानावर शीरखुर्म्याचे स्थान अढळच आहे. पण अलीकडे त्याच्या शेजारी केकही येऊन बसला आहे. केकवर चंद्रकोर आणि चांदण्या, आणि त्याभोवती जुन्या मशिदीच्या दगडी जाळीची आठवण करून देणारी नाजूक पांढरी नक्षी. पाहणाऱ्याला ती कापडी लेस वाटते. प्रत्यक्षात ती साखरेची असते आणि केकबरोबर खाताही येते.

साखरेला दागिन्याचे रूप देणे महाराष्ट्राला नवे नाही. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात. गुढीपाडव्याला गुढीच्या गळ्यात साखरेची गाठी असते. दर्ग्यावर बत्तासे आणि रेवड्या वाटल्या जातात. हलवा आणि गाठी कडक असतात, लेस मात्र वाकली पाहिजे. गोल केकला ती फितीसारखी गुंडाळता आली पाहिजे. नुसत्या साखरेत हा लवचीकपणा येत नाही. त्यासाठी साखरेला धरून ठेवणारे दुसरे काहीतरी मिसळावे लागते, आणि खरा प्रश्न तिथेच उभा राहतो.

चिकटपणा कुठून येतो?

साखरेच्या कामात लवचीकपणासाठी सर्रास वापरला जाणारा पदार्थ म्हणजे जिलेटिन. ते जनावरांच्या कातडीतील आणि हाडांतील कोलॅजेनपासून बनते. जगभर त्यासाठी डुकराची आणि गाईगुरांची कातडी व हाडे वापरतात. काही प्रमाणात मासेही. डुकराचे जिलेटिन मुसलमानाला चालत नाही. गुरांचे असले तरी जनावर शरियतच्या नियमाप्रमाणे जिबह केलेले होते का, हा प्रश्न उरतोच. प्रक्रियेत मूळ पदार्थाचे रूप पूर्ण पालटले तर त्याचा हुकूमही बदलतो, या तत्त्वाला फिकहमध्ये ‘इस्तिहाला’ म्हणतात. जिलेटिनला ते लागू होते की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. सामान्य घरातील बाई या वादात न पडता साधा मार्ग धरते. जे मशकूक, म्हणजे संशयास्पद, ते टाळायचे.

हाच प्रश्न शेजारच्या घरातही वेगळ्या कारणाने विचारला जातो. शाकाहारी हिंदू कुटुंबाला जिलेटिन कुठल्याच प्राण्याचे नको असते. जैन घरात त्यापुढे अंड्याचाही प्रश्न येतो. लेसच्या अनेक कृतींमध्ये अंड्याच्या पांढऱ्या भागाची भुकटी असते. मुसलमानाला अंडे चालते, जैनाला नाही. ईदच्या दिवशी एकच केक सगळ्या पाहुण्यांपुढे ठेवायचा असेल, तर जिलेटिन आणि अंडे दोन्ही वगळलेली लेसच उपयोगी पडते.

जिलेटिनऐवजी पहिला पर्याय आठवतो तो चायना ग्रासचा. रमजानमध्ये घरोघरी दुधाचे गार पुडिंग त्यानेच जमवतात. समुद्री शेवाळापासून बनत असल्याने ते सर्वांना चालते. मात्र त्याची जेली ठिसूळ असते, ओढली की तुटते. लेससाठी अधिक उपयोगी पडते ती सीएमसी किंवा टायलोज पावडर. लाकूड किंवा कापूस यांतील सेल्युलोजपासून ती तयार होते. पाकिटावर तिचा क्रमांक 466 असा छापलेला असतो. केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ती मिळते.

घरची कृती

पाऊण वाटी आयसिंग शुगर, एक मोठा चमचा सीएमसी आणि दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर कोरडेच एकत्र करून बारीक चाळणीतून दोनदा चाळावे. सीएमसी एकटी पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. साखरेत मिसळलेली असली की कण सुटे राहतात. त्यावर सुमारे 120 मिलिलिटर उकळते पाणी ओतून बीटरने दोन-तीन मिनिटे फेटावे. शेवटी एक लहान चमचा लिक्विड ग्लुकोज आणि अर्धा चमचा बिनवासाचे तेल घालावे. ग्लुकोजमुळे लेस वाकते, तेलामुळे साच्यातून सहज सुटते. मिश्रण झाकून काही तास फ्रिजमध्ये ठेवावे. तेवढ्यात सीएमसी पाणी पूर्ण शोषते आणि हवेचे बुडबुडे निघून जातात.

नक्षी कोरलेल्या सिलिकॉनच्या मॅटवर हे मिश्रण पसरायचे आणि सपाट पट्टीने सगळ्या दिशांनी दाबून ओढायचे. नक्षीबाहेर राहिलेले निपटून घ्यायचे, नाहीतर जाळीची भोके बुजतात. 70 ते 80 अंश सेल्सिअस तापलेल्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटे वाळवून मिश्रणाचा दुसरा पातळ हात द्यायचा आणि पुन्हा वाळवायचे. मॅट पालथी घालून ती लेसवरून सोलायची. लेस ओढायची नाही. कडक झाली असेल तर थोडा वेळ उघड्या हवेत ठेवली की मऊ पडते. खालून ओली राहिली तर उलटी करून आणखी काही मिनिटे वाळवावी. ओव्हन नसेल तर रात्रभर पंख्याखाली वाळते, पण कोरड्या हवेतच.

हवेचा प्रश्न खरा कठीण आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. उन्हाळ्यातल्या ईदला झटकन वाळणारी लेस पावसाळ्यातल्या ईदला, विशेषतः कोकणात, वाळता वाळत नाही. साखर हवेतील पाणी ओढते. म्हणून तयार लेस बटर पेपरच्या घड्यांत घालून हवाबंद पिशवीत ठेवावी, फ्रिजमध्ये नको. ओलसर व्हिप्ड क्रीमवर ती विरघळू लागते, तेव्हा केक कापण्याच्या थोडे आधीच लावावी. फाँडंट किंवा बटरक्रीमवर ती जास्त टिकते.

सोनेरी-रुपेरी चमक देताना अधिक सावध राहावे लागते. सजावटीच्या चमकदार भुकटीवर ‘नॉन टॉक्सिक’ लिहिलेले असले म्हणजे ती खाण्यायोग्य असते असे नाही. 2018 मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. त्या केकवरील चमकीत तांब्याचे प्रमाण फार मोठे होते. पाकिटावर ‘खाण्यायोग्य’ असे स्पष्ट लिहिलेले आणि घटकांची यादी छापलेली असेल, तरच ती भुकटी वापरावी. लाल-गुलाबी रंग घेताना 120 हा क्रमांक पाहावा; तो कारमाइनचा, म्हणजे किड्यांपासून मिळणाऱ्या रंगाचा असतो. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका मोठी सोय करून देतो.

कुरआनमध्ये खाण्याविषयी ‘हलाल’ या शब्दाबरोबर ‘तय्यब’ हा शब्द येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले. पदार्थ नियमात बसला, एवढ्याने काम संपत नाही. तो खाणाऱ्याच्या हिताचाही असावा लागतो. घरून केक करून विकणाऱ्या अनेक महिलांसाठी रमजान-ईद हा कमाईचा हंगाम असतो. ग्राहक त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावत नाही, पाहुणा तर यजमानाला घटक विचारतही नाही. तो निर्धास्तपणे खातो. हा विश्वास म्हणजे अमानत. तेव्हा केकच्या खोक्यावर आतील घटकांची चिठ्ठी चिकटवावी: अंडे आहे की नाही, जिलेटिन आहे की नाही, रंग कोणता. चार ओळींचे काम आहे. ईद मुबारक म्हणायला आलेला शेजारी मग दुसरा तुकडाही न विचारता उचलतो.