प्रिंटरची शाई व टोनर : दोष आणि उपाय

चाचणीची प्रश्नपत्रिका पुसट निघाली, तर मुलाचे गुण अज्ञानामुळे नव्हे, तर अक्षर न दिसल्यामुळे जातात. अशा वेळी घाईने नवे कार्ट्रिज घेतल्यास सादिलाची तुटपुंजी रक्कम व्यर्थ जाण्याचा संभव असतो. सबब प्रथम कारण शोधावे.

शाईच्या प्रिंटरात पातळ शाई सूक्ष्म छिद्रांतून कागदावर पडते. यंत्र दीर्घकाळ बंद राहिल्यास ती छिद्रांत सुकते व अक्षरांत पांढऱ्या रेघा दिसतात. यंत्रातील सफाईची सोय एकदोनदाच वापरावी. प्रत्येक सफाईत शाई खर्च होते. आठवड्यास एक रंगीत पान छापीत राहिल्यास हा दोष सहसा उद्भवत नाही.

लेझर प्रिंटरात टोनर ही कोरडी भुकटी असते. ती उष्णतेने वितळून कागदास चिकटते. छपाई फिकी झाल्यास कार्ट्रिज काढून, आडवे धरून हलकेच हलवावे. भुकटी सारखी पसरून आणखी काही पाने निघतात. अक्षरे बोटाने पुसली जात असल्यास पुरेशी उष्णता मिळत नाही अथवा कागद दमट आहे, असे समजावे. सांडलेली भुकटी कोरड्या फडक्याने टिपावी. गरम पाण्याने ती अधिकच चिकटते.

कारण कळल्यावाचून खर्च करू नये, हेच खरे.