गड चढण्याआधी पायांना विचारा

दिवाळी सरली, पहाटे गारवा जाणवू लागला की आमच्या दवाखान्यात एक वेगळाच पेशंट येऊ लागतो. त्याला ताप नसतो, खोकला नसतो. खिशातून एक छापील कागद काढून तो टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "डॉक्टर, इथं तेवढी सही करा. गडावर चाललोय." कागद असतो तंदुरुस्तीच्या दाखल्याचा आणि निघायचे असते परवा पहाटे!

लोक गडांवर जाऊ लागले ही आनंदाचीच गोष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे आपल्या पुणे जिल्ह्यातले तीन किल्ले आहेत, रायगडही आहे. तेव्हापासून माझ्याकडे दाखला मागणाऱ्यांत तरुण मुलांबरोबर चाळिशी-पन्नाशीतले शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि त्यांच्या घरच्या बायकाही दिसू लागल्या आहेत. त्यातही जास्त ओढ असते ती राजगड-तोरणा-रायगड या तीन-चार दिवसांच्या पायी मोहिमेची. महाराजांच्या पहिल्या राजधानीपासून निघायचे, संजीवनी माचीवरून डोंगराच्या धारेने तोरण्याची बुधला माची गाठायची, पुढे मोहरी-सिंगापूरच्या बाजूने नाळेने कोकणात उतरायचे आणि ६ जून १६७४ रोजी जिथे राज्याभिषेक झाला त्या रायगडावर पोचायचे. बरोबर वाटाड्या असतो, जेवणाखाण्याची सोय असते. माणसाला वाटते, आपण फक्त चालायचे.

असेच एक प्रसिद्ध चालणे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात आहे. इंका राजांची माचू पिचू नावाची डोंगरावरची नगरी ओस पडली होती. १९११ साली हायरम बिंगहॅम या अमेरिकन अध्यापकामुळे तिची जगाला ओळख झाली. तिथवर जाणारी इंकांची जुनी फरसबंद वाट सुमारे ४३ किलोमीटरची, चार दिवसांची. तिथे परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात आणि फेब्रुवारीत ही वाट सबंध महिना बंद ठेवतात. शिस्त मोठी कडक. पण वाटाड्या कितीही हुशार असला, तरी तो तुमचे गुडघे आणि तुमचे हृदय घेऊन चालत नाही. ते तुम्हालाच न्यावे लागते. तिथेही आणि इथेही.

म्हणून आज एवढेच सांगायचे आहे. तंदुरुस्तीचा दाखला डॉक्टरच्या सहीने मिळत नाही. तो सहा आठवड्यांच्या तयारीने मिळतो आणि वाटाड्याला आपल्या प्रकृतीविषयी खरे सांगितल्याने टिकतो.

"शेतात राबतो, आम्हाला काय चढ?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शेतात राबणाऱ्याची कंबर, खांदे, हात मजबूत असतात यात वाद नाही. पण आपला मुलूख घोड-भीमेच्या काठचा, सपाट. इनामगाव, न्हावरे किंवा दौंडच्या बाजूला माणूस दिवसभर चालला तरी त्याला सलग दोन तास चढ किंवा तीन तास उतार लागत नाही. राजगड आणि तोरणा हे दोन्ही सुमारे १४०० मीटर उंचीचे गड आहेत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत छातीवरचा चढ आणि लगेच तेवढाच उतार.

चढ माणसाला दमवतो, पण जायबंदी करतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू आखडण्याऐवजी ताणलेल्या अवस्थेत काम करतात आणि प्रत्येक पावलाला शरीराचा वेग रोखून धरतात. या कामाची सवय नसली की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. गंमत अशी की त्या दिवशी काही जाणवत नाही. दुखणे सुरू होते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमके नाळ उतरायच्या वेळी. थकलेला स्नायू गुडघा सांभाळत नाही, पाय मुरगळतो, तोल जातो.

यावर औषध एकच, आधी सवय करणे. निघण्याच्या सहा आठवडे आधीपासून आठवड्यातले पाच दिवस पाऊण तास भरभर चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, असा वेग हवा. पहिल्या दोन आठवड्यांनंतर शाळेचा किंवा एखाद्या दुमजली इमारतीचा जिना धरावा. वीस मिनिटे चढ-उतार, आणि उतरताना घाई नाही. चौथ्या आठवड्यापासून पाठीवर पाच-सहा किलोची पिशवी घ्यावी. एखाद्या रविवारी यवतजवळच्या भुलेश्वराचा डोंगर पायी चढून यावे. देवदर्शन होईल आणि आपण किती पाण्यात आहोत तेही कळेल.

छाती दुखते की पित्त?

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तंबाखू-मिश्री-विडी ओढणाऱ्या किंवा खाणाऱ्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आणि ज्यांच्या वडिलांना-भावाला कमी वयात हृदयविकार झाला त्यांनी निघण्याआधी तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख. मात्र लक्षात ठेवा, झोपून काढलेला आलेख चांगला आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे नव्हे. चालताना छाती भरून येते का, जबडा किंवा डावा हात दुखतो का, थांबल्यावर बरे वाटते का, हे प्रश्न आलेखापेक्षा महत्त्वाचे आहेत.

एका बावन्न वर्षांच्या बागायतदारांची हकिकत सांगतो. ते दाखल्यासाठी आले. आलेख ठीक होता. मी सही करण्याआधी विचारले, "उसाच्या बांधावरून भरभर चालताना काही होतं का?" म्हणाले, "थोडं पित्त होतं. छातीत जळजळतं. उभं राहिलं की जातं." मी सही केली नाही. ते रागावून गेले. आठ दिवसांनी त्यांच्या सौभाग्यवतींनी त्यांना पुण्याला नेऊन पट्ट्यावर चालवून करायची तपासणी करून घेतली. एक मुख्य रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली, तिथे स्प्रिंग बसवावी लागली. त्यांचे पित्त खरे पित्त नव्हते. हेच पित्त तोरण्याच्या धारेवर, रस्त्यापासून चार तास दूर उठले असते तर? पुढच्या वर्षी हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने ते एकट्या राजगडावर जाऊन आले, तेही सावकाश.

चालताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे 'पित्त' कधीही अंगावर काढू नका.

गोळ्या घरी ठेवू नका

"औषध घेतो म्हटलं तर नेणार नाहीत," म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. हे फार घातक. गोळ्या चालूच ठेवाव्यात आणि दोन ठिकाणी विभागून न्याव्यात, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अडत नाही. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. घाम आणि ती गोळी मिळून अंगातले पाणी-मीठ फार कमी होऊ शकते.

मधुमेह्यांनी आणखी जपावे. दिवसभर चालल्याने साखर उतरते आणि इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची ती एकदम खाली जाते, कधी कधी रात्री झोपेतही. हात थरथरणे, दरदरून घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. खिशात साखर किंवा ग्लुकोज असलेच पाहिजे, पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी नव्हे. औषधाचे प्रमाण किती कमी करायचे हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आणखी एक सवय वाईट. पाय दुखले की वाटेत दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या एकामागून एक घेतल्या जातात. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. आणि अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते स्नायू फार झिजल्याचे लक्षण समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पायांची निगा

आपल्या इनामगावच्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्या लोकांनी आपली मृत माणसे घराच्या जमिनीखालीच पुरली आणि पुरताना मोठ्या माणसांचे घोट्याखालचे पाय तोडले होते. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी असे अभ्यासक मानतात. पाय गेले की माणूस जागचा हलत नाही, हे त्या काळीही ठाऊक होते. आपण मात्र नवा बूट घेतो आणि दुसऱ्याच दिवशी गडावर घालतो!

बूट किमान महिनाभर आधी घ्यावा, थोडा सैल घ्यावा आणि चालून मऊ करावा. चप्पल नको. मोजे दोन जोड्या हव्यात, ओला मोजा लगेच बदलावा. नखे सरळ आणि आखूड कापावीत, नाहीतर उतारावर अंगठा काळा पडतो. पायाला एका जागी गरम वाटू लागले की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नये. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांना मुंग्या येतात त्यांना फोड जाणवतही नाही. त्यांनी रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही तळवे पाहावेत किंवा सोबत्याला पाहायला सांगावे. उतारावर पावले लहान टाकावीत, हातात काठी ठेवावी, धावू नये.

पाणी हवे, मीठही हवे

प्रत्येकाजवळ निघताना तीन लिटर पाणी असावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. पण नुसते पाणीच पीत राहिले आणि घामाने मीठ जात राहिले, तर रक्तातले मीठ कमी होऊन डोके दुखणे, उलटी, गुंगी असा प्रकार होतो. म्हणून अधूनमधून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पाणी घ्यावे (चमचा चहाचा). तयार पुडीही चालते, मात्र ती पुडीवर लिहिलेल्या पाण्यातच पूर्ण विरघळवावी. टाक्यातले पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावे.

कोकणच्या बाजूला उतरल्यावर हिवाळ्यातही दुपारी उकाडा असतो. एखादा सोबती अडखळू लागला, भलतेच बोलू लागला आणि अंग तापले असेल, तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरीही. तापाची गोळी देत बसू नये. सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा.

सर्पदंश झाला तर कापणे, चोखणे, घट्ट बांधणे, मांत्रिक, सगळे वर्ज्य. अवयव न हलवता त्या माणसाला उचलून सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय.

वाटाड्याला काय विचारावे, काय सांगावे

नेणाऱ्या संस्थेला चार प्रश्न जरूर विचारा. किती माणसांमागे एक माहीतगार आहे? सगळ्यात शेवटी कोण चालणार? मधूनच खाली उतरायची वाट कुठे कुठे आहे? सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? उत्तर देताना कोणी चाचरला तर पैसे परत मागा.

आणि तुम्हीही त्याला खरे सांगा. आजार, गोळ्या, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते, घरचा फोन नंबर, हे सगळे एका चिठ्ठीवर लिहून एक प्रत त्याच्याजवळ आणि एक स्वतःच्या खिशात ठेवा. आजार लपवणारा माणूस आपल्याबरोबर सगळ्या गटाला अडचणीत आणतो.

आणि विरळ हवा?

सह्याद्रीत हवेची चिंता नाही. पण इंकांच्या वाटेवर ४२१५ मीटर उंचीची खिंड आहे. निजलेल्या बाईसारखा तिचा आकार, म्हणून 'मृत स्त्रीची खिंड' असे तिचे नाव. पेरूला आपल्यापैकी कोण जाणार, असे म्हणाल. पण केदारनाथला तर आपल्या गावांतून माणसे जातातच! ते सुमारे ३५८० मीटरवर आहे आणि आपण राहतो पाच-साडेपाचशे मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे सुरू झाले तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर क्षणाचाही विलंब न करता खाली उतरावे. चार दिवसांचा प्रवास दोन दिवसांत उरकण्याचा हट्ट तिथे जिवावर बेततो.

शेवटी एक. अर्ध्या वाटेवरून परत फिरण्यात कमीपणा नाही. छातीत दुखू लागले, चक्कर आली, पाय साथ देईना, तर "बाकीचे काय म्हणतील" हा विचार मनात आणू नका. गड साडेतीनशे वर्षे तिथेच उभे आहेत, पुढच्या हिवाळ्यातही असतील. आपणही असावे, एवढी काळजी घ्या. आणि दाखल्याचा कागद घेऊन याल तेव्हा परवा निघायचे म्हणून येऊ नका, दीड महिना आधी या. सही करायला मलाही आनंद वाटेल.