मार्गरीत, मंजरी आणि शेवंती

मुलीचे नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा. पण ठेवलेले नाव पुढे टिकवायचे कोणी, याचा विचार आपल्या जुन्या घरांतून फारसा झाला नाही. हा प्रश्न माझ्या मनात उभा केला तो एका फ्रेंच फुलाने, आणि तोही पेडणे तालुक्यातील मोरजी या गावी.

आमचे मूळ घर डिचोलीकडचे. वडील दरबारी गवई म्हणून या शहरात आले आणि येथलेच होऊन गेले. त्यांची धाकटी बहीण मात्र गोव्यातच, मोरजीला दिली. शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हे गाव वसले आहे. मोरजाई ही तेथील ग्रामदेवता. अलीकडे हा किनारा देशोदेशींच्या पाहुण्यांनी गजबजलेला असतो, तेव्हा परकी नावे तेथील कानांना नवी नाहीत. तरी आत्याच्या पणतीच्या बारशाला नातसुनेने ‘मार्गो’ हे नाव सुचवले, तेव्हा माजघरात खसखस पिकलीच. एक आजीबाई म्हणाल्या, “अगो, तो तर कडुनिंबाचा साबण!”

आजीबाई काही अगदीच चुकल्या नव्हत्या. कडुनिंबाला ‘मार्गोसा’ असेही एक नाव आहे. ते पोर्तुगीज ‘आमार्गोझा’ म्हणजे ‘कडू’ या शब्दावरून आले. १९१६ साली स्थापन झालेल्या कलकत्ता केमिकल कंपनीच्या साबणाचे नाव त्याच झाडावरून पडले. मुलीच्या नावातला मार्गो मात्र निराळा. ‘मार्गरीत’ या फ्रेंच नावाचे ते लाडके रूप. आपण सुमनची सुमी करतो तसे. मार्गरीतचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मोती. गोव्यातील ख्रिस्ती घरांत ऐकू येणारे ‘मार्गारिदा’ हे त्याचेच पोर्तुगीज भावंड. फ्रेंचांनी पांढऱ्या पाकळ्यांच्या आणि पिवळ्या गाभ्याच्या एका रानफुलालाही मार्गरीत म्हटले, आणि मोत्याचे नाव फुलाचे झाले. हे फूल आपल्या शेवंतीच्याच कुळातले. काही व्युत्पत्तिकार तर त्या ग्रीक शब्दाचे नाते आपल्या ‘मंजरी’शी जोडतात. ते सर्वांना मान्य नाही. परंतु संस्कृत कोशांत मंजरीला फुलांचा तुरा आणि मोती असे दोन्ही अर्थ सापडतात, ही गोष्ट मोठी गोड आहे.

या नावाने चढउतारही पुष्कळ पाहिले. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजघराण्यातील स्त्रिया ते मिरवीत होत्या. १९०० च्या सुमारास तेथे घरोघरी मार्गरीत होत्या. पुढे ते आजीबाईंचे नाव वाटू लागले आणि मागे पडले. गेल्या काही दशकांत मात्र ‘मार्गो’ हे तिचे आटोपशीर रूप नव्या आयांना आवडू लागले आहे. नावांचेही रागांसारखेच असते. एका पिढीला जुनाट वाटलेले तिसरी पिढी हौसेने गळ्यात घेते.

गाण्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गंमत सांगतो. १८५९ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या गूनोच्या ‘फाउस्ट’ या संगीतनाटकाची नायिका मार्गरीत. त्याआधी १८४८ साली धाकट्या द्युमाने एका गणिकेवर कादंबरी लिहिली. तिचेही नाव मार्गरीत, पण लोक तिला ओळखीत ते तिच्या आवडत्या कॅमेलियाच्या फुलांवरून. १८५३ साली वेर्दीने त्याच कथेवर ‘ला त्राव्हियाता’ रचले आणि नायिकेला नाव दिले व्हिओलेत्ता! बाईचे नाव बदलले, फूल बदलले. दुःख मात्र तेच राहिले.

नाव बदलल्याची अशी गोष्ट मोरजीला नवी नाही. मोरजाई ही सात बहिणींपैकी एक मानली जाते. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया या तिच्या बहिणी. म्हापशाची मिराबाई हीही त्यांतलीच, आणि तेथील चर्चमधली मिलाग्रीस सायबीण म्हणजे तीच, अशी लोकांची श्रद्धा. लईराई आणि सायबीण यांच्यामध्ये तेलाची आणि मोगऱ्याच्या फुलांची देवघेव चालत आल्याचे सांगतात. धर्म बदलला, नाव बदलले. पण बहिणीने बहिणीला ओळखायचे सोडले नाही.

माणसांच्या घरी मात्र असे होतेच असे नाही. आत्याचे माहेरचे नाव शेवंती. लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने ‘लक्ष्मी’ असे लिहिले गेले आणि त्या दिवसापासून शेवंती संपली. एकटे माझे वडील पत्राच्या मायन्यात ‘चि. शेवंतीस’ असे लिहीत. ते गेले आणि त्या नावाने तिला हाक मारणारे कोणी उरले नाही.

बारशाच्या दिवशी वाद वाढला तेव्हा नातसुनेने फुलाचा अर्थ तिला समजावून सांगितला. आत्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, “शेवंतीच्या घरचेच ना? मग ठेवा तेच. पण उद्या हिच्या लग्नात तांदळावर दुसरे नाव कोणी लिहिता कामा नये.” माजघरात कोणी बोलले नाही. पणती मार्गो झाली.

नाव देशी की परदेशी, यावर आपण पुष्कळ वाद घालतो. ते खुशाल घालावेत. परंतु आपल्या शहरातील जुन्या घराण्यांतही अशा कितीतरी शेवंत्या, मंजिऱ्या, बकुळा रमा आणि सीता होऊन गेल्या. घरात अजून कोणी आजी असेल, तर तिचे माहेरचे नाव आजच विचारून ठेवावे, आणि जमल्यास एकदा त्या नावाने तिला हाकही मारावी.