चम्मक्खन्धकातील वासरू आणि फरचा पोशाख

हिवाळा आला की वरणगाव-भुसावळकडील बाजारांत लोकरी कपड्यांची दुकाने लागतात. त्यांत केसाळ गळपट्टीची जाकिटेही असतात. ती गळपट्टी बहुधा कृत्रिम धाग्याची असते. परंतु खऱ्या फरचा पोशाख बौद्ध उपासकाने वापरावा काय, हा प्रश्न त्यानिमित्ताने निघतो. विनयपिटकाच्या आधारे त्याचा विचार करणे आम्हांस इष्ट वाटते.

महावग्गाच्या चम्मक्खन्धकात सिंह, वाघ व बिबळ्या यांची कातडी वापरण्यास भगवंतांनी भिक्खूंना मनाई केली आहे. पाठोपाठ एक कथा येते. एका उपासकाकडे बिबळ्याच्या पिलासारखे चित्रविचित्र रंगाचे वासरू होते. एक भिक्खू त्याकडे टक लावून पाहू लागला. विचारल्यावर त्याने कातडे हवे असल्याचे सांगितले. उपासकाने वासरू मारले. भिक्खू ते कातडे संघाटीखाली लपवून निघाला, तेव्हा गाय त्याच्या मागोमाग चालत आली. शस्त्र भिक्खूने उचलले नव्हते. तरीही हत्येस प्रवृत्त केल्याबद्दल भगवंतांनी त्यालाच दोष दिला.

आपल्या समाजाने हे नीट ध्यानात घ्यावे. येथे मेलेले ढोर ओढणारा व सोलणारा अपवित्र ठरला, कातड्याचे जोडे घालणारा मात्र शुद्धच राहिला! बाबासाहेबांनी १९२७ साली महाड येथे मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्यास सांगितले. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली. विनयाची दृष्टी याच्या नेमकी उलट आहे. उपासकास वर्ज्य असलेल्या शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष या पाच व्यापारांतही चामड्याचे नाव नाही.

गरजेचा विचारही त्याच खन्धकात आहे. अवन्ति-दक्खिणापथात मेंढी, बकरी व हरिण यांची कातडी अंथरण्याची रीत होती. सोण कुटिकण्णाच्या द्वारे महाकच्चायनांनी केलेल्या विनंतीवरून भगवंतांनी तेथे ती मान्य केली. याच विनंतीत त्या प्रदेशातील काळ्या, टणक, गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या जमिनीचा उल्लेख येतो. खानदेशी वाचकाला तिची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा हा भेद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केला आहे. मिंक हा प्राणी फरसाठी पिंजऱ्यात वाढवून मारला जातो. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, एकट्या डेन्मार्कने दीड कोटीहून अधिक मिंक मारले. यावरून या धंद्याचा पसारा कळावा. येथे गरज कोणती? ऊब तर धनगराच्या मेंढीची लोकरही देते, आणि कातरल्यावर मेंढी पुन्हा चरायला जाते.

जानेवारी २००६ मध्ये आंध्रातील अमरावती येथे दलाई लामांनी वन्य प्राण्यांची कातडी वापरू नका असे आवाहन केले, तेव्हा तिबेटात अनेकांनी वाघ, बिबळ्या व पाणमांजर यांच्या कातड्यांनी मढवलेले पोशाख जाहीरपणे जाळले. भारताने २०१७ साली मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या फरच्या कातड्यांची आयात बंद केली.

रेशमाचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. चीवराच्या सहा अनुज्ञात वस्त्रांत कापसाबरोबर कोसेय्य म्हणजे रेशीमही आहे; उलट रेशीममिश्रित आसनास मनाई आहे, आणि तिचे निमित्त आळवी येथील रेशीम करणाऱ्यांनी केलेली तक्रार हे होय. पोटासाठी आपल्याला असंख्य जीव मारावे लागतात, याचे त्या कारागिरांनाच दुःख होते.