भरावावरची चौपाटी

मार्सेलिसच्या दक्षिण भागात प्रादोचा किनारा आहे. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तिथल्या हिरवळीवर कुटुंबंच्या कुटुंबं चादरी पसरून बसलेली असतात, पोरं पाण्यात डुंबत असतात आणि अंधार पडला तरी कोणाला घरी जायची घाई नसते. पाहणाऱ्याला ही निसर्गाची देणगी वाटते. प्रत्यक्षात १९७० च्या दशकात शहराच्या पोटात मेट्रोचे बोगदे खणले जात होते, तेव्हा निघालेला दगडमातीचा राडारोडा समुद्रात टाकून ही जमीन तयार केली गेली. मेट्रो १९७७ साली धावू लागली आणि त्याच सुमारास शहराला नवी चौपाटी मिळाली. १९५३ ते १९८६ अशी ३३ वर्षं महापौर असलेल्या गास्तों दफेर यांच्या कारकिर्दीतलं हे काम. त्या भरावावर समुद्राकडे तोंड केलेल्या इमारती उठवता आल्या असत्या आणि त्या चढ्या भावानं विकल्याही गेल्या असत्या. तिथं हिरवळ झाली. भूमध्य समुद्राकाठची माणसं मुळातच रमतगमत जगणारी, तिथलं ऊनच तसं, असं आपण सहज म्हणून जातो. मार्सेलिसकडे नीट पाहिलं तर ते टिकत नाही. तिथल्या साध्या माणसाची सहल गोदीइतकीच विचारपूर्वक बांधलेली आहे.

इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाया नगरातून आलेल्या ग्रीकांनी हे बंदर वसवलं. त्यांची ती नैसर्गिक खाडी, म्हणजे जुनं बंदर, आजही शहराचं अंगण आहे. सकाळी धक्क्यावर मासेविक्रेत्यांची टेबलं लागतात. खाडीच्या एका काठावरून समोरच्या काठावर नेणारी छोटी फेरीबोट १८८० पासून चालते. अंतर तीनशे मीटरही नाही, पण वळसा वाचतो आणि लहान मुलांची हौस भागते. पूर्वी धक्क्याचा बराचसा भाग मोटारींनी व्यापलेला असे. २०१३ साली मार्सेलिस युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, तेव्हा तो बराच पायी चालणाऱ्यांना परत मिळाला आणि नॉर्मन फॉस्टर यांनी तिथं आरशासारख्या छताचा एक उघडा मंडप उभारला. त्याच वर्षी बंदराच्या तोंडावर भूमध्य संस्कृतींचं संग्रहालय उघडलं. प्रदर्शनांना तिकीट आहे, पण शेजारचा सेंट जॉन किल्ला आणि त्यातली बाग फुकट हिंडता येते. दक्षिणेला जाणाऱ्या कॉर्निश रस्त्याचा समुद्राकडचा कठडाच बाकासारखा घडवला आहे आणि तो दोन किलोमीटरांहून लांब आहे. उत्तर टोकाला एस्ताक या जुन्या कोळीवस्तीत हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या, पानिस, कागदात गुंडाळून मिळतात. यातल्या कशालाही फारसा खिसा हलका करावा लागत नाही.

या मोकळेपणामागे कायदा आहे. समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता, हे तत्त्व फ्रान्समध्ये १६८१ च्या राजाज्ञेत आलं आणि १९८६ च्या किनारा कायद्यानं पायी येणाऱ्यांचा किनाऱ्यावरचा मुक्त, विनामूल्य प्रवेश पक्का केला. कायद्याइतकंच मोल मला गटारांचं वाटतं. १९८७ पर्यंत या एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी प्रक्रियेविना कोर्तिऊच्या खाडीत सोडलं जात होतं. त्या वर्षी जमिनीखाली शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. आजही मुसळधार पाऊस झाला की गटारं तुंबून वाहतात आणि पोहण्याचे किनारे बंद ठेवावे लागतात. म्हणजे मुलांनी पाण्यात उतरावं की नाही, हे उन्हावर कमी आणि जमिनीखालच्या नळांवर जास्त ठरतं.

ऊन आणि समुद्र नसते तर हे सारं कशाच्या जोरावर झालं असतं, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर शहराच्या उत्तर भागात मिळतं. ऊन तेच, समुद्र तोच; पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जोलिएतच्या गोद्या बांधल्या गेल्या आणि उत्तरेचा किनारा किलोमीटरच्या किलोमीटर धक्के, कुंपणं आणि गोदामांमागे गेला. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर मार्सेलिस पूर्वेकडचं दार बनलं. मुंबईहून विलायतेला निघालेले कित्येक प्रवासी इथं उतरून रेल्वेनं पुढे जात, आणि ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ती याच बंदरात. या वैभवाची किंमत उत्तरेच्या कामगार वस्त्यांनी मोजली. समुद्र खिडकीतून दिसतो, पण पोहायला जायचं तर एस्ताकपलीकडचे कोर्बिएरचे थोडेसे किनारे तेवढे जवळ. निसर्गच सहल घडवत असता तर एकाच शहरात एवढा फरक पडला नसता.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो: सरकारनं हात घातला की मोकळेपणा संपतो. शहरालगतच्या चुनखडीच्या कड्यांमध्ये अरुंद, निळ्याशार खाड्या आहेत. त्यांना कालांक म्हणतात आणि २०१२ पासून तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या सुजिताँ खाडीत उन्हाळ्यात दिवसाला अडीच हजारांपर्यंत माणसं जात. पायांखाली माती सुटत होती, झाडांची मुळं उघडी पडत होती. २०२२ पासून उन्हाळ्यात तिथं आधी नोंदणी करावी लागते आणि दिवसाला फक्त ४०० जणांना परवानगी मिळते. नियम मोडणाऱ्याला ६८ युरो दंड आहे. मला यात महत्त्वाचं हे वाटतं, की नोंदणी मोफत आहे. जबर तिकीट लावूनही गर्दी ओसरली असती, पण मग खाडी पैसेवाल्यांची झाली असती. नोंदणीत फोनवर चपळ असणाऱ्याला फायदा होतो हे खरं, तरी पगाराच्या आकड्यावरून कोणी अडत नाही.

सर्वांत जड आक्षेप गरिबीचा. या शहरातली सुमारे एक चतुर्थांश माणसं दारिद्र्यरेषेखाली आहेत. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी भर शहरात, ओबान्य रस्त्यावर, जीर्ण इमारती कोसळून ८ माणसं गेली. अशा ठिकाणी हिरवळी आणि बाकांचं कौतुक कशाला? घरांच्या बाबतीत शहर चुकलं, यात दुमत असू नये. पण ज्याच्या वाट्याला दोन कोंदट खोल्या आहेत, ज्याला ऑगस्टमध्ये डोंगरात भाड्याचं घर घेणं परवडत नाही, त्याची सुट्टी या किनाऱ्यावरच होते. घर दुरुस्त करणं आणि समुद्राकडची वाट उघडणं ही एकाच माणसाची देणी आहेत. दुसरं देणंही उत्तरेत थकलेलं आहे. जुन्या बंदरातून एस्ताकला जाणारी प्रवासी बोट हंगामापुरती चालते, ती बारमाही करता येईल. गोदीला सगळा किनारा लागतो असं म्हणावं, तर तेल आणि कंटेनरची अवजड वाहतूक बरीचशी पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवरच्या फॉस इथं केव्हाच हलली आहे. भूमध्य संस्कृतींचं ते संग्रहालय उभं आहे तो जे-४ नावाचा धक्काही एके काळी बंदराचाच होता. तो उघडला तसे उत्तरेकडचे आणखी काही धक्केही उघडता येतील.